उतेकरांचा परदेशी पिक्चर

आमच्या शाळेची सहल एकदा पोलादपूर स्टँडवर चहाला थांबली होती. गाडी पुन्हा सुरू झाली तसा ड्रायव्हरने हिंदी पिक्चर लावला आणि उतेकर ताडकन उठले.

‘थांबवा गाडी!’

त्यांना गाडी लागली असं समजून हेडबाई एका हातात लिंबू आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन धावल्या. उतेकरांनी लिंबू तेवढं घेतलं. ‘मला काय झालं नाय बाई. हा पिक्चर बंद करा, नायतर मी उतरतो.’

पोरांनी पिक्चर बंद होऊ दिला नाही. उतेकर उतरले आणि मागच्या एसटीतून, उभ्याने, आमच्या मागोमाग येऊन पोचले.

उतेकर म्हणजे महाडच्या आमच्या शाळेतले प्रयोगशाळा परिचर. राहायला पोलादपूरपुढे कापडे गावात. पन्नाशी ओलांडलेली आणि अंगात खाकी नसूनही खाकी वाटणारा शर्ट. मुंबईतला पुतण्या त्यांना पेनड्राइव्ह भरभरून परदेशी पिक्चर देई. जगातल्या बहुतेक देशांचे पिक्चर या माणसाने पाहिले होते. फक्त आपल्या देशाचा बघत नसे.

‘आपल्या पिक्चरात हाय काय सर? नुसती बडबड!’

मी भूगोल शिकवतो, म्हणून मी हटकून विचारायचो, ‘कालचा पिक्चर कोणत्या देशाचा?’

‘थंड देशाचा.’

देशांचे त्यांनी तीनच प्रकार केले होते: थंड, गरम आणि भात खाणारे.

मधल्या सुट्टीत डबा उघडला की ते आदल्या दिवशीच्या पिक्चरची गोष्ट सांगत. भाषेचं एक अक्षर कळत नसे, पण गोष्ट ते इतकी रंगवून सांगत की गणिताचे मोकलसर भाकरीचा तुकडा हातात धरून बसत. पात्रांची नावं उतेकर स्वतःच ठेवत. ‘तर हा बाळू, म्हंजे आपला हिरो, याच्या बांधावर शेजाऱ्यानं झाड लावलेलं...’ जगात कुठेही जा, भांडण बांधावरूनच. आणि म्हाताऱ्या आईचा मुलगा हमखास मुंबईला.

‘अहो, जपानात मुंबई कुठून आली?’ मी एकदा म्हणालो.

‘त्यांची मुंबई हो सर! प्रत्येक देशाला एक मुंबई असतेच.’

भूगोलात एवढं खरं वाक्य मी अजून वाचलेलं नाही.

एकदा त्यांनी एका थंड देशातल्या माहेरवाशिणीची गोष्ट सांगितली. ती बर्फातून भावाकडे येते. भाऊ टेबलापलीकडे बसून तिची खुशाली विचारतो. सासू छळते का, नवरा बरा आहे का. ती आधी काही बोलत नाही, मग रडते. शेवटी भाऊ तिच्या हातात चांदीच्या पाटल्या भरतो आणि स्वतःच्या गाडीतून सासरी पोचवतो. ऐकून हेडबाईंनी पदराने डोळे टिपले.

योगायोगाने त्याच आठवड्यात माझ्या मुलीने घरी तोच पिक्चर लावला. खाली इंग्रजीत संवाद येत होते. भाऊ पोलीस होता. बहीण दोन खून करून आली होती. खुशाली म्हणजे चौकशी आणि पाटल्या म्हणजे बेड्या.

मी सुखावलो. मास्तरला चूक सापडली की तो माणसात राहत नाही. सोमवारपर्यंत थांबणं मला जमेना. रविवारी मोटारसायकल काढली आणि थेट कापडे गाव गाठलं. इतकी वर्षं एकत्र काम करून मी त्यांच्या घरी पहिल्यांदाच जात होतो.

दार उघडंच होतं. मी हाक मारली. कोणी ओ दिली नाही, म्हणून आत डोकावलो. टीव्हीवर परदेशी पिक्चर चालू होता. आवाज बंद. समोर चटईवर उतेकर आणि त्यांची बायको. उतेकर दोन्ही हातांनी हवेत काहीतरी रेखाटत होते, आणि वहिनी खणखणीत आवाजात सांगत होत्या, ‘नाय, नाय! तो तिचा बाप न्हवं, दीर हाय!’

मला पाहून उतेकर गडबडीने उठले. वहिनींना हाताने काही खूण केली. त्या हसल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

‘हिला ऐकू येत नाय,’ उतेकर म्हणाले. ‘लग्नानंतर तापात कान गेले. मशीन लावून बघितली. नाय जमलं.’

मी टीव्हीकडे पाहिलं.

‘आधी आम्ही हिंदीच बघायचो. मी हसलो की ही माझ्या तोंडाकडं बघायची नि मग हसायची. एकदा मला ठसका लागला, सर. तर ही हसली.’

त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

‘त्या दिवशी बंद केलं. यातलं मलापण कळत नाय, तिलापण नाय. दोघं सारखे. खाली इंग्रजी येतं, तेपण मी घालवतो, चुकून एखादा शब्द लागायचा मला. शाळेत सांगतो ना, त्या गोष्टी हिच्याच. मी नुसता पोचवतो.’ मग हळूच म्हणाले, ‘बेडी मला बेडीच दिसते हो. पण ती पाटल्या म्हणाली.’

सबंध रस्ता मी मनात जुळवत आणलेलं भाषण चपलांपाशीच राहिलं.

वहिनी चहा घेऊन आल्या. मला चटईवर मधोमध बसवलं. पडद्यावर एक म्हातारा स्टेशनच्या बाकावर कुणाची तरी वाट बघत होता. ‘हा लेकीची वाट बघतोय,’ वहिनी म्हणाल्या. उतेकरांनी नकाराची मान हलवून स्वतःच्या गळ्याभोवती बोटाने मंगळसूत्र रेखाटलं. म्हणजे बायकोची. दोघेही एकदम माझ्याकडे वळले.

मी बराच विचार केला. मग बोट फिरवत रूळ दाखवले आणि गाडीचा धूर सोडला. तो फक्त गाडीची वाट बघतोय, असं मला म्हणायचं होतं.

वहिनींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि कपात आणखी थोडा चहा ओतला.

‘सर चांगले हायेत,’ त्या नवऱ्याला म्हणाल्या, ‘पण त्यांना पिक्चर कळत नाय.’