असली काढा

राजानंद गुरुजींचा काढा नापास झाला, आणि हा निकाल शेजाऱ्यांसमोर सांगायची पाळी त्यांच्याच मुलीवर आली.

दीपमाला जालन्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. डाळिंबाच्या सालीचा काढा पोटातले जंतू मारतो, असं गुरुजी वर्षानुवर्षं सांगत आणि ती दर वेळी म्हणे, "पुरावा?" गेल्या खेपेला बदनापूरला आली तेव्हा तिने फडताळातली बाटलीच उचलली.

"आज नको, माले. अजून मुरायचाय," गुरुजी घाईने म्हणाले. पण शेजारच्या चतुराबाई समोरच बसलेल्या. माघार कशी घेणार? उलट पुढच्या रविवारी निकाल, असं त्यांनीच जाहीर केलं.

रविवारी ओट्यावर सतरंजी पडली. दीपमालाने फोनमधला फोटो पुढे धरला.

"या ताटलीत पोट बिघडवणारे जंतू वाढवले. हा काढ्यात भिजवलेला कागद. काढा लागू पडला असता, तर कागदाभोवतीचे जंतू मरून स्वच्छ कडं दिसलं असतं."

"मंग कुठंय कडं?" चतुराबाईंनी विचारलं.

"नाहीच," दीपमाला म्हणाली.

"अगं बाई! पन मला तर गुण आल्ता!"

"जंतूंनी कॉपी केली असंल," गुरुजी म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

दीपमालाने चौकशी सुरू केली. साली कधीच्या? उकळल्या कुणी? सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत कौसल्याबाईंवर, तिच्या आईवर, थांबल्या.

"पातेलं करपलं," कौसल्याबाई म्हणाल्या. "साली गेल्या वाया. रोज उठून कोण वाळवीत बसंल? मंग चहापत्ती उकळून भरली. बिनसाखरेची. रंग बराबर तोच."

"म्हंजे मी कोऱ्या चहानं बरी झाले?" चतुराबाई उठूनच उभ्या राहिल्या.

"आणि बाबा, तुम्हाला चव कळली नाही?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कळली ना. पण डॉक्टरनं चहा बंद केल्ता."

"तरीच दिवसातून तीन-तीनदा काढा!" कौसल्याबाई कडाडल्या. "आन् मी म्हणून राह्यले, यांचं पोट इतकं कसं बिघडलं!"

चतुराबाई हसता हसता परत सतरंजीवर बसल्या. मग गुरुजीही हसले.

संध्याकाळी त्यांनी स्वतः साली उकळल्या, गाळल्या आणि बाटलीवर चिठ्ठी डकवली : 'असली'. दीपमाला निघताना ती तिच्या हातात देत म्हणाले, "हा पास झाला तर काय म्हणशील?"

"आधी पुरावा, बाबा."

उत्तर त्यांना पसंत पडलं. पडताळून पाहिल्याशिवाय कुणाला शाबासकी द्यायची नाही, हे वर्गात त्यांनीच तिला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुजी झोपेतच गेले.

बाटली दीपमालाच्या फ्रीजमध्ये राहिली. जलदानविधी झाला, पाहुणे परतले, तेव्हा ती बाटली घेऊन कॉलेजला गेली. तसेच जंतू, तसाच कागद. एक भिजवला असली काढ्यात, दुसरा नुसत्या पाण्यात.

सकाळी तिने ताटली उजेडात धरली. पाण्याच्या कागदाला जंतू खेटून वाढले होते. काढ्याच्या कागदाभोवती कडं होतं. फार मोठं नाही, पण स्वच्छ. ताटलीत मेलेले जंतू पोटातही मरतीलच असं नसतं, हे ती दर वर्षी मुलांना सांगे. यंदाही सांगणार होती.

तिने दार लोटून घेतलं. ऐकायला खोलीत जंतूच होते, आणि त्यातलेही काही मेलेले.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "बराबर होतं तुमचं. शाबास!"