शिडीवाल्या अल्बमची उसनवारी

"माझ्या हातात दिलेली वस्तू म्हणजे लॉकरमध्ये ठेवलेली वस्तू!" तपासनीस छातीवर हात ठेवून म्हणाला, आणि पुढच्या सगळ्या गोंधळाचा पाया तिथंच घातला गेला.

तपासनीस हे काही त्याचं नाव नव्हे. तो विमा कंपनीत होता. कुणाची गाडी ठोकली गेली, कुणाच्या गोदामाला आग लागली, की नुकसान खरं किती आणि रचलेलं किती ते हा जाऊन ठरवायचा. माणसं किती प्रकारे खोटं बोलतात याचा त्याला गाढा अभ्यास होता. ठोकणारा ड्रायव्हर हमखास म्हणायचा, "साहेब, हा पोचा आधीचाच आहे!" तपासनीसानं या वाक्यावर जन्मात कधी विश्वास ठेवला नव्हता. ऐकलं की तो नुसता हसायचा आणि पेन उघडायचा.

असा हा कडक माणूस दर रविवारी सकाळी मात्र विरघळायचा. दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद असे. त्याच्या वेटिंग रूममध्ये, किडलेल्या दाढेच्या भल्यामोठ्या चित्राखाली, सत्तरच्या दशकातल्या रॉकचं वेड लागलेली चार माणसं जमत. प्रत्येकानं आपला आवडता अल्बम आणायचा, तो का आवडतो ते सांगायचं आणि मग सगळ्यांनी तोंड मिटून ऐकायचा. डॉक्टर स्वतः गिटारवाले. ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या ताई ड्रमवाल्या. ताल बिघडला की त्यांचा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. आणि सर! शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले सर म्हणजे या मंडळाचं दैवत. एका गाण्यात अख्खी बाजू संपवणारे, मध्येच बासरी, मध्येच ऑर्गन, मध्येच घोड्यांच्या टापा असले सगळे अल्बम सरांच्या घरच्या कपाटात होते. कपाटाला कुलूप होतं. किल्ली सरांच्या खिशात होती.

तपासनीस मंडळात नवा होता. त्याआधी कित्येक वर्षं त्यानं हे संगीत एकट्यानं, कानाला हेडफोन लावून ऐकलं होतं. ऑफिसात कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बायकोच्या मते तर तो सगळा भांड्यांची मांडणी कोसळल्याचा आवाज होता. आता कुठं त्याला आपली माणसं भेटली होती. डॉक्टर आणि ताई सरांच्या कपाटातून हवा तो अल्बम घरी न्यायचे. आपल्यालाही कधीतरी सर म्हणतील, "घ्या हो, उघडा कपाट," एवढीच त्याची आयुष्यातली उरलेली इच्छा होती.

म्हणून तर ते लॉकरचं वाक्य! सरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, पिशवीत हात घातला आणि एक अल्बम काढला. कव्हरवर एक माणूस शिडीवर चढून चंद्र पुसतोय असं चित्र. मंडळात त्याला 'शिडीवाला' म्हणत.

"न्या," सर म्हणाले. "जिवापाड जपा. पुढच्या रविवारी आणा."

डॉक्टरांना अचानक खोकला आला. ताई खिडकीबाहेर बघू लागल्या. तपासनीसाला वाटलं, हेवा वाटला असणार बिचाऱ्यांना!

घरी येऊन त्यानं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. रेकॉर्ड लावली. पहिली बाजू म्हणजे स्वर्ग! दुसरी बाजू सुरू झाली. ऑर्गन चढत चढत गेला, बासरी आली, मागून ड्रमचा असा काही लोंढा आला की तपासनीसाचं भान हरपलं आणि त्यानं दोन्ही हातांनी रेकॉर्ड प्लेअरच्या टेबलावर धाडकन ठेका धरला.

सुई उडाली. "ढुम-तारारा... ढुम-तारारा... ढुम-तारारा..."

धावत जाऊन त्यानं सुई उचलली, रेकॉर्ड खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी धरली. केसासारखा बारीक, आडवा ओरखडा!

"अहो, आज भांडी जरा जास्तच पडली का?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"माझं वाटोळं झालं!"

बायको हात पुसत आली, ओरखडा बघितला आणि म्हणाली, "मग? सरांना फोन करा आणि सांगून टाका."

"सांगून टाका? काय सांगून टाका? की मी टेबल बडवत होतो?"

"कदाचित आधीचाच असेल ओरखडा."

तपासनीसानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ती आल्या पावली स्वयंपाकघरात परत गेली.

त्या आठवड्यात त्यानं ऑफिसच्या फोनवरून जुन्या रेकॉर्डींचा धंदा करणाऱ्या झाडून सगळ्यांना पिडलं. शिडीवाला कुणाकडेच नव्हता. "साहेब, तो मिळाला तर आम्हालाच कळवा," असं उलट त्यालाच सांगण्यात आलं. शेवटी एकानं पत्ता दिला: गावाबाहेर रोपांची नर्सरी चालवणारा एक माणूस आहे, त्याच्या मामाच्या मागे खोकंभर रेकॉर्डी उरल्यात.

नर्सरीवाला फाटकातच भेटला. हाताला माती, चेहऱ्यावर काहीही नाही. त्यानं खोक्यातून शिडीवाला काढून दाखवला. कोरा करकरीत! एक रेघ नाही!

"काय हवं ते मागा," तपासनीस म्हणाला.

"पैसे नकोत. बदल्यात रेकॉर्डच द्या. काय आहे तुमच्याकडे?"

तपासनीसानं मनातल्या मनात हात जोडले. पैशाला न भुलणारा रसिक! अशा माणसासमोर ऐऱ्यागैऱ्या अल्बमचं नाव काढणंही पाप! त्यानं जड मनानं, वेळ पडलीच तर म्हणून पिशवीत घालून आणलेला आपला प्राणप्रिय 'जहाजवाला' काढला. भरल्या स्टेडियममध्ये रेकॉर्ड केलेला, विशीत पहिल्या पगारातून घेतलेला. लग्नानंतरच्या प्रत्येक घरात आधी याची जागा ठरायची, मग पलंगाची.

नर्सरीवाल्यानं कव्हर उघडून आत पाहिलं. "यात किती आहेत?"

"तीन! तीन रेकॉर्डींचा संच आहे. दुसरीच्या मागच्या बाजूला जो ड्रम वाजलाय ना..."

"चालेल," नर्सरीवाला म्हणाला.

किती मोजकं बोलणं! जाणकार माणसं अशीच असतात. तपासनीसानं डोळे पुसले आणि ओरखड्याची रेकॉर्डही त्याच्याच हातात ठेवली. "हिची तेवढी विल्हेवाट लावा. कुणाच्या नजरेस पडता कामा नये." पुरावा आपल्या घरच्या कचऱ्यात टाकणारे कसे पकडले जातात, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

नवी रेकॉर्ड सरांच्या जुन्या कव्हरमध्ये गेली. काम फत्ते!

रविवारी तो दवाखान्यात शिरला तेव्हा तिघं आधीच येऊन बसले होते. हे जरा विचित्रच होतं, कारण ताई कधी वेळेवर येत नसत.

"काय तपासनीस, ऐकलात का?" सरांनी विचारलं.

"वा! अप्रतिम!"

"दोन्ही बाजू?"

"दोन्ही!"

"आणि सांगण्यासारखं काही?"

तिघंही त्याच्याकडे बघत राहिले. तपासनीसाच्या कानामागून घामाचा एक थेंब सावकाश खाली उतरला. "काय असणार? जशी दिलीत तशी आणलीय!"

"बरं," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात कुठेतरी निराशा होती. "मग लावू या. दुसरी बाजूच लावू."

पहिलीपासून का नाही? पण रेकॉर्ड तर नवी आहे, तपासनीसानं स्वतःला बजावलं. घाबरायचं काय कारण? सुई टेकली. ऑर्गन सुरू झाला. नेहमी डोळे मिटून ऐकणारे डॉक्टर आज डोळे उघडे ठेवून थेट त्याच्याकडे बघत होते. ताईंचा पाय ब्रेकवर होता. ऑर्गन चढू लागला तसे सर उठले आणि रेकॉर्ड प्लेअरपाशी जाऊन उभे राहिले. बासरी आली. सरांनी एक बोट पुढे काढलं आणि सुईच्या अगदी जवळ धरलं. तपासनीसानं खुर्चीचा हात इतका घट्ट पकडला, की तिथं रोज बसणाऱ्या पेशंटांचं दुःख त्याला पहिल्यांदाच समजलं. ड्रमचा लोंढा आला... आणि गाणं सरळ पुढे निघून गेलं.

सरांचं बोट हवेतच राहिलं.

"अडकली नाही," सर म्हणाले.

"अडकली नाही!" डॉक्टर उभेच राहिले.

"अडकली कशी नाही?" ताई ओरडल्या.

"का... का अडकेल?" तपासनीसानं विचारलं.

"कारण गेली पंधरा वर्षं ती तिथं अडकतेय!" सर म्हणाले.

तपासनीसाच्या डोक्यात सगळे दिवे एकदम गेले. आधीचाच! ओरखडा आधीचाच होता! पण आता हे कळून उपयोग काय? अशा वेळी खोटी माणसं जे करतात तेच त्यानं केलं. घाईघाईत आणखी एक थाप मारली.

"मी जरा... मऊ कापडानं पुसली."

"कापडानं?" डॉक्टर म्हणाले. "आणा ती इकडे."

मग जे घडलं ते तपासनीसानं शत्रूवरही आणलं नसतं. डॉक्टरांनी रेकॉर्ड आतल्या खोलीत नेली, दात काढायच्या खुर्चीवर पांढरं कापड अंथरून तिच्यावर ठेवली आणि वरचा मोठा दिवा लावला. डोळ्यांवर भिंग चढवलं. सर उशाशी, ताई पायाशी, आणि दाराशी नातेवाइकासारखा तपासनीस.

"ओरखडा भरलेला नाही," डॉक्टर भिंगातून बघत म्हणाले. "ओरखडा नाहीच. ही रेकॉर्डच ती नव्हे."

"तपासनीस," सर अगदी शांतपणे म्हणाले, "शेवटचं विचारतो. काय झालं?"

हाच प्रश्न, याच आवाजात, तो रोज दहा जणांना विचारत असे. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस फुटतो हे त्याला माहीत होतं. तो फुटला. टेबल बडवणं, फोन, नर्सरी, जहाजवाला, सगळं भडाभडा बाहेर आलं.

सर म्हणाले, "अहो, ती आमची उसनवारीची प्रत होती! चांगली कपाटात आहे. नवा माणूस आला की त्याला आम्ही हीच देतो. घरी जाऊन ऐकतो, अडकते, त्याला वाटतं आपल्याच हातून बिघडली. मग तो काय करतो ते बघायचं. डॉक्टर त्याच संध्याकाळी माझ्या दारात येऊन रडले होते."

"रडलो नव्हतो. डोळ्यांत पाणी होतं," डॉक्टर म्हणाले.

"मी फोनवरच सांगितलं होतं," ताई म्हणाल्या, "की सर, तुमच्या रेकॉर्डची मी वाट लावलीय, काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

"जो येऊन सांगतो, त्याला कपाट उघडं," सर म्हणाले.

म्हणजे आपल्यावर विश्वास टाकलाच नव्हता! टाकला होता तो नुसता गळ, आणि आपण तो माशाच्याही वर झेप घेऊन गिळला! तपासनीसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला फार वाईट वाटलं, आणि जास्त वाईट याचं वाटलं की राग धरायलाही जागा नव्हती. तो पिशवी उचलून दाराकडे वळला.

"कुठं निघालात?" सर म्हणाले. "आमच्यापायी तुम्ही जहाजवाला दिलात? विशीतला? पहिल्या पगाराचा?"

त्यानं मान हलवली.

सरांनी चष्मा काढून पुसला. "नापास तर तुम्ही आहातच. पण असा नापास मी शाळेतही कधी बघितला नाही. चला, उठा सगळे. आपण त्या माणसाला ही प्रत परत करू आणि तुमचा जहाजवाला सोडवून आणू."

तपासनीसाच्या जिवात जीव आला. चौघं ताईंच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसले. गाडीला दोन ब्रेक होते आणि तपासनीस शिकाऊ माणसाच्या जागी बसला होता, त्यामुळे घाईत तो आपला ब्रेक दाबायचा आणि गाडी आचके देत जायची. "पाय काढा तो!" ताई ओरडायच्या. "मोठा रसिक माणूस आहे सर तो," तपासनीस मागे वळून सांगत होता. "पैशाचं नावही काढू दिलं नाही. जहाजवाला म्हटल्यावर लगेच हो म्हणाला. ओळखला त्यानं!"

नर्सरीवाला आत, रोपांच्या वाफ्यांत होता. त्याच्या डोक्यावर, वाफ्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या. दोऱ्यांना काळ्या तबकड्या लटकत होत्या आणि वाऱ्यावर चकचकत गरगर फिरत होत्या. एक ओरखड्याची होती. तिच्या शेजारी ओळीनं तीन होत्या, उन्हानं कडा वर वळलेल्या.

चौघं जागच्या जागी थांबले. सरांनी टोपी काढली.

"या साहेब!" नर्सरीवाला पहिल्यांदाच तोंडभर हसला. "तुमचे फार उपकार झाले बघा. मामाची एकच गेली, तुम्ही एकीच्या बदल्यात तीन दिल्यात. आणि तीही काय जातीची! त्या तीन टांगल्यापासून एक पाखरू इकडे फिरकलेलं नाही."