एक नग, परतीच्या बोलीवर

खालच्या डाव्या कोपऱ्यात, कडेपासून चाळीस मिलिमीटर आत, एक तपकिरी ठिपका होता. गेल्या रविवारी त्याचा व्यास दोन मिलिमीटर होता; या रविवारीही दोनच. कौशल्याबाईंनी वहीत नोंद केली, भिंग पुसलं आणि पोस्टर गुंडाळून जस्ताच्या नळकांड्यात, डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवलं.

जवाहरनगरात, कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत, त्या रसायनशास्त्र शिकवत. क्योटोची पत्रमैत्रीण मिचिको त्यांना काबुकीची, म्हणजे जपानच्या जुन्या नाटकाची पोस्टरं पाठवी. हातानं छापलेली, शंभर प्रती झाल्या की ठसे मोडून टाकलेले. अशी तेरा जमली होती. भिंतीवर एकही नव्हतं. क्वार्टरच्या पूर्वेला सकाळचं ऊन, पश्चिमेला संध्याकाळचं, दक्षिणेला ओल, उत्तरेला चुलीचा धूर. कुठं लावायचं, हा निर्णय नऊ वर्षं विचाराधीन होता.

पुढच्या रविवारी नळकांड्यात बाराच निघाली.

"अहो, लाल चेहऱ्याचं कुठं हाये?"

"यादोरावले देल्लं," वासुदेवराव पेपरामागून म्हणाले. यादोराव हा कौशल्याबाईंचा धाकटा भाऊ, आंधळगावच्या नाटक मंडळाचा सेक्रेटरी. "आज नाटक हाये त्यायचं, अन् पेंटर पडला बिमार."

"मले न विचारता?"

वासुदेवराव कारखान्याच्या भांडारात होते. "नऊ वर्षं न हललेला माल निकामी धरतात. तरी मी पावती घेतली."

पावतीवर लिहिलं होतं : जपानी चित्र, एक नग, परतीच्या बोलीवर.

कौशल्याबाईंनी थर्मासमध्ये गरम पाणी भरलं, मऊ ब्रश, टीपकागद आणि आयोडीनची बाटली पिशवीत टाकली आणि स्कूटरवर मागे बसल्या.

आंधळगावात धान्याच्या गोदामासमोर तीसएक माणसं उभी होती. भिंतीवर पोस्टर चिकटवलेलं होतं. चित्रकारानं खालचा अर्धा कागद कोरा सोडला होता. त्या कोरेपणाचं महत्त्व सांगणारं दोन पानी पत्र मिचिकोनं पाठवलं होतं. यादोरावनं तिथं गेरूनं लिहिलं होतं : 'आंधळगाव येथे आज तीन अंकी कौटुंबिक नाटक. बायकांची बसण्याची वेगळी सोय.' पहिला अनुस्वार नेमका तपकिरी ठिपक्यावर बसला होता.

"एवढी जागा कोरी सोडली बिचाऱ्यानं," यादोराव म्हणाला. "आपल्याचसाठी समज, ताई."

कौशल्याबाईंनी कडेवर आयोडीनचा थेंब टाकला. निळा झाला; म्हणजे खळ पिठाची.

"बाई रंग भरून राहिली," मागून कोणीतरी म्हणालं.

"खळ कशाची, यादो?"

"तांदळाची. घरचा तांदूळ, ताई!"

म्हणजे कोमट पाण्यानं सुटणार. त्यांनी ब्रश ओला केला. यादोरावचा चेहरा उतरला.

"ताई, कोंढ्याचे पाहुणे परत चालले होते, थे हा मानूस पाहाले थांबले. नाटकात तर असा कोनीच नाही. म्हनून मीच तोंड रंगवून दुसऱ्या अंकात जाऊन राहिलो. लग्नातला जपानचा मामा!"

गवताचा भारा डोक्यावर घेऊन गावातली सत्यभामाबाई पुढे आली. तिनं चित्र खालून वर नीट पाहिलं.

"अवं बाई, हा कोनावर एवढा रागावला?"

कौशल्याबाईंनी तोंड उघडलं. कागदाची जाडी त्यांना ठाऊक होती. ठिपक्याच्या चारशे नोंदी होत्या. हा माणूस का रागावला आहे, हे त्यांनी मिचिकोला कधी विचारलंच नव्हतं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"घरातल्या कोनी काही न इचारता देऊन टाकलं असन," सत्यभामाबाई म्हणाली.

लोक हसले. वासुदेवराव थर्मासचं झाकण निरखू लागले. कौशल्याबाईंना हसू आवरेना, म्हणून त्यांनी वर पाहिलं. अकरा वाजले होते, तरी भिंतीवर ऊन नव्हतं. भिंत उत्तरेची. वर दीड फूट पुढे आलेला पत्रा. ओल नाही, धूर नाही.

"यादो, ही भिंत काहून निवडली?"

"इथं म्हशी अंग घासत नाहीत, ताई."

वासुदेवरावांनी घाईनं झाकण फिरवून थर्मास उघडला. "काढायचं ना? पावती हाये आपल्यापाशी."

कौशल्याबाईंनी ब्रश पदराला पुसला आणि पिशवीत ठेवला. मग नऊ वर्षं अडलेलं वाक्य त्या वर्गात सांगावं तसं स्पष्ट म्हणाल्या, "इथंच लावायचं."