पाणी धरून की वगळून?

वजनमापे खात्यातल्या निरीक्षकांना सगळा बाजार काटेसाहेब म्हणायचा. ते दुकानात शिरले की दुकानदार आधी कपाळ पुसायचा, मग काटा. "डबा धरून की डबा वगळून?" हा साहेबांचा ठरलेला प्रश्न. बाहेर एवढा दरारा, पण घरी सासूबाई आल्या की त्यांचं पार मांजर व्हायचं. गेल्या खेपेला साहेबांनी ठोकलेला खिळा अर्ध्या भिंतीसकट खाली आला, तेव्हापासून सासूबाई त्यांच्या हाती पेलासुद्धा जपूनच देत.

रविवारी त्या जेवायला येणार होत्या. आणि शनिवारीच साहेबांच्या वाचनात आलं, की शंभर ग्रॅम उकडलेल्या राजम्यात नऊएक ग्रॅम प्रथिनं असतात. शिवाय लोह, शिवाय चोथा. झालं! तेल नाही, मसाला नाही, नुसता उकडलेला राजमा, तोही जावयाच्या हातचा. एकदा तरी सासूबाईंच्या तोंडून 'शाबास' ऐकायचंच, असा त्यांनी चंगच बांधला.

"माणसाला दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं धर," त्यांनी बायकोला सांगितलं. "म्हणजे माणशी सहाशे सहासष्ट ग्रॅम राजमा. तिघांना दोन किलो."

"अहो, तिघांना दोन किलो?"

"अगं, हा हिशेब आहे, अंदाज नव्हे!"

दुकानदारानेही भीतभीत विचारलं, "साहेब, पाहुणे किती?" साहेबांनी नुसतं काट्याकडे बोट दाखवलं. बिचाऱ्याने दोन किलो तोलले, वर चार दाणे जास्तच टाकले. (साहेबांच्या नादी कोण लागतो?)

संध्याकाळी भिजत घातलेल्या राजम्याने सकाळी पातेल्याचं झाकण ढकलून दिलं होतं. दाणे ओट्यावरून फिरायला निघाले होते. दुसरं पातेलं भरलं, कढई भरली. चौथ्यांदा कुकर चढला तेव्हा शेजारीण डोकावून "सगळं ठीक ना?" विचारून गेली. अकरा वाजेपर्यंत चहाचं भांडंही राजम्याने बळकावलं.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. "जावईबापू, सगळी गल्ली जेवायला आहे की काय?"

"छे, आपण तिघंच. शास्त्रशुद्ध!" म्हणत साहेबांनी सगळा हिशेब ऐकवला.

सासूबाईंनी एक दाणा चिमटीत दाबून पाहिला. "आकडा उकडलेल्या राजम्याचा. तोललात तुम्ही कोरडा. मला सांगा, वजन पाणी धरून की पाणी वगळून?"

काटेसाहेब आता स्वतःच कपाळ पुसू लागले. बायको "मीठ आणते" म्हणून बाहेर पळाली. (मीठ तिच्या हातातच होतं.)

"अन्न टाकायचं नाही," सासूबाईंनी पिशवी कोपऱ्यात ठेवली. "हे संपेपर्यंत मी राहते."

पाच किलो राजमा! शेजाऱ्यांनी पहिली वाटी हसत घेतली, दुसऱ्या वाटीला दारं लावली. मग सकाळी राजमा, ऑफिसच्या डब्यात राजमा, फ्रीज उघडला की राजमा. गुरुवारी एकदाचा पातेल्याचा तळ दिसला.

निघताना सासूबाई म्हणाल्या, "खरं सांगू, जावईबापू? चार दिवस तळकट नाही, गोड नाही. अंगात तरतरी आली बघा. शाबास!"

साहेबांची छाती दुप्पट फुगली. (भिजल्यासारखी.)

"पुढच्या महिन्यात पुन्हा येते. भिजवा तुम्हीच, शिजवा तुम्हीच."

"हो, हो, नक्की!"

"मापाचं तेवढं दुकानदारावर सोपवा."