मथुराबाईनं उगवलेला सूड

मथुराबाईनं त्या आठवड्यात चौथ्यांदा तोच खेळ पाहिला आणि घरी येता येता ठरवून टाकलं, की आता सोजरवन्संना सोडायचं नाही.

सोलापुरात गिरणीच्या चाळीमागच्या मैदानात नाटकवाल्यांचा तंबू पडून पंधरा दिवस झाले होते. दुपारी तीनला फक्त बायकांसाठी खेळ असे. एका बैठकीत तीन छोटी घरगुती नाटकं. पहिली दोन होईपर्यंत बायका शेंगा फोडत बसत. तिसरं लागलं की नुसते हुंदके. नणंदेनं छळलेली एक सून घराबाहेर पडते, पुढं तिची भरभराट होते, आणि एके दिवशी तीच नणंद तिच्या दारात येऊन उभी राहते. मग सून उंबऱ्यात हात आडवा धरून असं काही बोलते, की अख्खा तंबू ओरडे, "बोल बाई, बोल! सोडू नगंस!" सुनेचं काम करणाऱ्या बाप्याची दाढी दुपारपर्यंत हिरवी दिसायला लागे, पण तिकडं कुणाचं लक्ष नसे.

मथुराबाईची अडचण एवढीच होती, की तिला कुणी छळलेलं नव्हतं. नवरा जोतीराम गिरणीतून येई, मुकाट जेवी आणि झोपे. पुष्कळ आठवल्यावर तिला एक गोष्ट सापडली. तीन वर्षांमागं होटगीला नणंदेकडं जावळाचा कार्यक्रम होता. तिथं सोजरबाई चारचौघींत म्हणाली होती, "मथुरे, ऊठ चुलीपासनं. पुरन जाळलंस की." तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता मात्र नुसतं आठवलं तरी ती पदर डोळ्यांना लावी.

आणि गुरुवारी सकाळी जोतीराम जाता जाता म्हणाला, "आज आक्का येनार हाय. सांगावा आलाय."

"येऊ द्यात," मथुराबाई म्हणाली. तो आवाज ऐकून जोतीरामनं वळून पाहिलं, पण तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला.

मथुराबाईनं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं, कुंकू रोजच्यापेक्षा मोठं लावलं आणि ती दारात उभी राहिली. बाराच्या उन्हात सोजरबाई आली. डोक्यावर भरलेली पाटी, तोंडावर घामाचे ओघळ.

"मथुरे, जरा पाटी उतरून घे गं."

मथुराबाईनं हात आडवा धरला. "थांबा! हा उंबरा ओलांडू नका!"

"आँ?"

"ज्या अबलेला आपण घराबाहेर हाकलून दिलंत, तीच आज या घराची स्वामिनी आहे!"

"बरं बाई, अस. पाटी तेवढी..."

नाटकातली नणंद मध्ये बोलत नसे, त्यामुळं मथुराबाईला थांबता आलं नाही. ती पुढं बोलत गेली आणि चाळीतल्या बायका हातातलं काम टाकून गोळा झाल्या. एका ठिकाणी ती अडखळली. शेजारच्या गुरम्मानं तो खेळ सहादा पाहिलेला. ती मागून कुजबुजली, "नियतीचं चक्र! मथुराबाई, नियतीचं चक्र!" गाडी पुन्हा रुळावर आली. सोजरबाई ओझ्याखाली मान ताठ धरून शेवटापर्यंत उभी होती. भाषण संपलं तशा बायकांनी टाळ्या वाजवल्या.

नाटकात इथं नणंद पाया पडते. सोजरबाई गुडघ्यांत वाकली, पण ती पाटी खाली ठेवायला. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "बरं हाय मथुरे. हे ठेव. येते मी." आणि पाणीसुद्धा न पिता आल्या वाटेनं चालू लागली.

"पाया नाही पडली?" गुरम्मा हिरमुसली.

मथुराबाईनं पाटीवरचं फडकं काढलं. खाली वांगी, ओल्या शेंगा. वर हिरव्या खणाची घडी, आणि तिच्यावर कागदाच्या पुडीत हळदीनं पिवळ्या झालेल्या अक्षता. भाचीचं लग्न ठरलं होतं. लग्नाची पहिली अक्षत सोजरबाईनं भावजयीच्या घरी आणली होती, स्वतःच्या डोक्यावरून.

मथुराबाईला एकदम आपलं इरकली लुगडं अंगाला टोचायला लागलं. चाळीतल्या बायकांकडं बघायची तिला सोय उरली नाही. ती तशीच अनवाणी पळत सुटली.

स्टेशनच्या फलाटावर सोजरबाई नळाशी तोंड धूत होती. मथुराबाईनं तिचे पाय धरले, तोंड उघडलं, आणि घात झाला. पाठ होतं तेच बाहेर पडलं. "या पापिणीला पदरात घ्या!"

"ह्ये बी नाटकातलंच का?" सोजरबाईनं विचारलं.

"व्हय," म्हणून मथुराबाई खरोखरीचं रडायला लागली.

"पर मी केलं काय तुला?"

"जावळात तुमी म्हनला व्हता, पुरन जाळलंस म्हनून."

"जाळलंच व्हतंस की."

"व्हय."

"मग?"

याचं उत्तर चार खेळांत कुणी दिलेलं नव्हतं.

"मान तेवढी चोळून दे. लई अवघडलीया," सोजरबाई म्हणाली. मथुराबाई फलाटावर उकिडवी बसून मान चोळायला लागली. येणारेजाणारे बघत होते. तिला वाटलं, बघू देत, हेच पाहिजे आपल्याला.

थोड्या वेळानं सोजरबाईनं विचारलं, "मग पुडं काय व्हतं?"

"कशाचं?"

"त्या नाटकात गं. सून घेती का तिला घरात?"

मथुराबाईला सांगायचीही लाज वाटली. "न्हाय, वन्सं. नणंद पुडं आंदळी व्हती. देवळापुडं बसती."

"बरं झालं! असल्या भवानीला असंच पायजे." सोजरबाईचे डोळे चमकले. होटगीची गाडी आली, शिट्टी देऊन गेली. "आज हाय का खेळ?"

तीन वाजता दोघी तंबूत होत्या. तिसऱ्या नाटकात सोजरबाईएवढ्या मोठ्यानं कुणीच ओरडलं नाही. नणंद आंधळी झाली तेव्हा तर तिनं मांडीवर थाप मारली. पडदा पडल्यावर शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "काय काम केलं हो त्या सुनेनं!"

"ह्ये काय करतोय?" सोजरबाई अभिमानानं म्हणाली. "मगाशी आमच्या मथुरानं केलं, ते बगाया पायजे व्हतं. समदं तोंडपाट! कुटं अडली न्हाय, एक जागा सोडून."

"अन् तुमी कोन हिच्या?"

"मी नणंद की. तीच ती, छळनारी."

पुढच्या तीन रांगांतल्या बायका एकदम मागं वळल्या. मथुराबाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"दाव गं मथुरे करून, लाजू नगंस," तिला पदराआडून ऐकू आलं. "मी ऱ्हाते की दारात उबी."

आणि सोजरबाई खरोखरच उठून उभी राहिली.