टिकाऊ रंगाची अंतिम चाचणी

माणूस स्वतः फारसा टिकाऊ नाही. म्हणूनच वस्तू टिकाऊ असाव्यात याबद्दल तो फार काटेकोर असतो. या बाबतीत आमच्या परीक्षकांचा हात धरणारा कोणी नव्हता. उभी हयात त्यांनी परीक्षण कार्यालयात वस्तू घासण्यात, वाकवण्यात आणि उकळण्यात घालवली. निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं घड्याळ त्यांनी घरी आल्याबरोबर बादलीत बुडवून पाहिलं. (ते नापास झालं.)

अशा माणसाच्या दारात जुनी मोटार असावी आणि तिच्या चामडी सीटांचा तपकिरी रंग उडालेला असावा, ही गोष्ट त्यांना खालमानेने सोसावी लागत होती. सगळ्यात जास्त रंग उडाला होता मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्यात. मुलगी लहानपणी तिथे गाल टेकून झोपायची, तीही तोंड उघडं ठेवून. आता ती दूरच्या शहरात नोकरी करत होती. "येऊ का?" असा तिचा फोन आला की परीक्षक म्हणत, "ये गं, पण आधी गाडीचं जरा होऊ दे. तुला असल्या कळकट सीटवर बसवून आणायचं म्हणजे मलाच कसंतरी वाटतं." असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी तिने विचारलंच नाही, तिकीट काढूनच कळवलं. परीक्षकांनी जाहीर केलं की मुलगी घरी येईल ती नव्या रंगाच्या सीटवर बसूनच.

चामड्याच्या रंगांचा दुकानदार अत्यंत निःपक्षपाती होता. त्याच्याकडे तीन प्रकार होते: टिकाऊ, अतिटिकाऊ आणि आजन्म टिकाऊ. (जन्म कोणाचा धरायचा, हे बाटलीवर छापलेलं नव्हतं.)

"यातला चांगला कोणता?" परीक्षकांनी विचारलं.

"तिन्ही चांगले, साहेब. सीट स्वच्छ पुसायची, पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचं. संध्याकाळी बसा."

संध्याकाळी बसा! ज्या माणसाने एका छत्रीला उत्तीर्ण करायला दोन पावसाळे घेतले, त्याला हा सल्ला. परीक्षकांनी तिन्ही बाटल्या घेतल्या आणि जेवणाच्या टेबलावर प्रयोगशाळा उघडली. जेवणं ओट्याशी, उभ्याने होऊ लागली.

चाचणीचा पहिला नियम असा की, परक्या चामड्याचा निकाल घरच्या चामड्याला लागू होत नाही. तेव्हा नमुना सीटमधूनच कापणं ओघाने आलं. तो त्यांनी आधी सीटखालच्या, कोणाला न दिसणाऱ्या पट्टीतून घेतला. पण त्या पट्टीने आयुष्यात काही सोसलेलंच नव्हतं; तिचं मत कोण विचारणार? खरा नमुना सगळ्यात झिजलेल्या जागेचा. म्हणून डाव्या कोपऱ्यातला तळहाताएवढा तुकडा, पूर्ण शास्त्रीय विचारांती, कापण्यात आला.

पुढे कामाला वेग आला. प्रत्येक रंगाला वेगळा तुकडा हवा. प्रत्येक तुकड्याची चहा, घाम, खोबरेल, ऊन आणि जीन पँट यांच्याशी वेगवेगळी गाठ घालून द्यायची, म्हणजे तेवढे तुकडे आणखी. शिवाय ताडून पाहायला प्रत्येकाचा एक न रंगवलेला जोडीदार. घामाच्या चाचणीसाठी मेहुण्याला बोलावून जिने चढायला लावलं. (त्याचा घाम दर्जेदार निघाला, तो स्वतः पुन्हा फिरकला नाही.)

"अहो," बायको एकदा गाडीत डोकावून म्हणाली, "पोरीला स्पंजावर बसवून आणणार का?"

"अगं, निकाल लागल्याशिवाय बसवू तरी कसा?"

"निकाल लागेपर्यंत सीट उरायला हवी ना."

ही सूचना तांत्रिक स्वरूपाची नसल्याने नोंद न घेता बाजूला ठेवण्यात आली.

मुलगी आली त्या सकाळी निकाल लागला. आजन्म टिकाऊ सर्व चाचण्यांत पहिला आला. रंगवण्यासारखं मागे काही राहिलं नव्हतं, एवढीच त्यात किरकोळ उणीव. मुलगी टॅक्सीने आली. घरात शिरायच्या आधी तिने गाडीचं मागचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"बाबा, माझा कोपरा कुठाय?"

परीक्षक लगबगीने आत गेले आणि तो तळहाताएवढा तुकडा घेऊन आले. गडद, गुळगुळीत, एकसारखा तपकिरी. "हा घे. आता काहीही कर, रंग जायचा नाही."

तिने नखाने खरवडलं. ओल्या रुमालाने पुसलं. मग, जरा थांबून, तुकडा गालाला लावून पाहिला. आतला जुना फिकट डाग काही वर आला नाही.

"खरंच जात नाही हो," ती हळूच म्हणाली आणि तुकडा त्यांच्या हातात परत दिला.

एवढ्या वर्षांत एखादी वस्तू उत्तीर्ण झाल्याचं परीक्षकांना पहिल्यांदाच वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. त्या दिवशी तिघं बाहेर गेली ती बसने, आणि बसच्या सीटचा रंग कोणता होता हे परीक्षकांनी पाहिलंही नाही.

आता वाचक म्हणतील, काय विक्षिप्त माणूस. बरोबर आहे. पण त्याची मुलगी निदान न विचारता तिकीट काढून आली. ज्यांना तुम्ही "घराचं जरा रंगकाम होऊ दे, मग या" असं सांगून ठेवलंय, ती माणसं अजून विचारूनच येणाऱ्यांतली आहेत. तेव्हा सहज विचारतो, रंग ठरला का?