तिसऱ्या खाटेच्या जागी

शिवणकाम करणाऱ्या ताईंचं पत्र चार महिने माझ्या शब्दकोशात पडून होतं. उत्तराचे सात मसुदे केले. प्रत्येकात मीच शहाणा वाटत होतो, म्हणून फाडले. मागणी साधी होती. त्यांच्या धाकट्या भावाला व्यसनमुक्ती केंद्रातली खाट परत हवी होती.

खाट गेली ती आमच्यामुळे. वस्तीतल्या नशेबाबत धोरण ठरवायला समिती नेमली गेली आणि चार पुस्तकं वाचलेला माणूस हवा म्हणून मला, निवृत्त ग्रंथपालाला, तीत ओढलं. समितीने वस्तीतच बसावं, असा आदेश होता. वस्तीत पंखे असलेली खोली एकच, केंद्राची. तेव्हा आठ खाटा काढून अकरा खुर्च्या मांडल्या.

बाहेर काढलेले रुग्ण पायऱ्यांवर बसू लागले. उघड्यावर नशा वाढल्याची गंभीर नोंद झाली आणि समितीला मुदतवाढ मिळाली. त्यांच्या गोंगाटाने चर्चेत व्यत्यय येतो म्हणून पायऱ्यांना कुंपण घातलं. मग आम्हीच मागच्या खिडकीतून, स्टुलावर चढून, ये-जा करू लागलो. दरम्यान केंद्रात एकाही रुग्णाची नोंद झाली नाही. सबब वस्ती शंभर टक्के व्यसनमुक्त झाल्याचा अहवाल निघाला. अध्यक्षांनी स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. मी अनुमोदन दिलं.

एकदा खिडकीतून उतरताना माझं स्टूल डगमगलं. ते धरलं नेमकं ताईंनी.

"काका, तो स्वतःहून सोडायला तयार झाला होता. तिसरी खाट त्याची. तुम्ही बसता ना, तिथेच. आता पुन्हा घेतो. काल तर मला ओळखलंही नाही."

विषय मांडतो, म्हणालो.

मांडलाही. खाटा दुसरीकडे हलवाव्यात, यावर एकमत झालं. कुठे, यावर प्रत्येकाने आपली इमारत सोडून उरलेलं शहर सुचवलं. माझ्या इमारतीचा तळमजला रिकामा होता, हे अध्यक्षांना ठाऊक होतं.

"काय हो, तुमच्याकडे?"

"तत्त्वतः पाठिंबा आहे," मी म्हणालो, "पण तिथे ओल आहे."

ओल नव्हती.

दुसऱ्या दिवशी आठवा मसुदा एका बैठकीत जमला. तूर्तास खाट देता येत नाही; तथापि संपूर्ण शहराची सहानुभूती आपल्या भावाच्या पाठीशी आहे. खाली सर्व नागरिकांच्या वतीने सही केली. त्यात हे वाचणारे तुम्हीही आलात. विचारलं नाही, माफ करा. तळमजला मागायचा असता तर विचारलं असतं. सहानुभूतीला तुमची काय हरकत असणार?

तिकीट चिकटवलं आणि पत्र पेटीत टाकलं.